आजीचे नाव कोठे शोधावे?

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा आग्रह गेली दोन वर्षे चालू आहे. मी काही लेखिका नव्हे. तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी शिकविली, एवढीच माझी लेखणीशी ओळख. परंतु गेल्या वर्षी मी एका शोधाच्या मागे लागले होते. त्यात चार ठिकाणी हिंडावे लागले, चार गोष्टी नव्याने कळल्या. त्या माझ्या भगिनींच्या व शेजाऱ्यांच्या उपयोगी पडतील, म्हणून ही हकीकत लिहीत आहे.

माझी भाची कॅनडात टोरांटो येथे असते. तिच्या मुलाला शाळेत घराण्याची वंशावळ काढून आणावयास सांगितले होते. वर चार पिढ्या, पुरुष आणि बायका, दोघांचीही नावे. भाचीचा फोन आला, "आत्या, पणजीचे नाव काय गं?" तिची पणजी म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. मी चटकन म्हटले, "बय." ती म्हणाली, "बय तर सगळेच म्हणायचे. खरे नाव काय?" मी गप्प झाले. उरणकडच्या आमच्या घरी मी तिच्या मांडीवर वाढले, तिच्या हातची तांदळाची भाकरी खाल्ली. पण तिचे नाव मला ठाऊक नव्हते. माझ्या थोरल्या भावालाही ठाऊक नव्हते. आमच्या घरी वंशावळीचा एक कागद आहे. त्यावर सात पिढ्यांचे पुरुष ओळीने बसले आहेत. बाई एकही नाही.

भाचीने सांगितले की, त्या मुलाच्या वर्गातील पुष्कळ मुलांनी आपल्या पूर्वजांची नावे घरबसल्या मिळविली. तेथे खानेसुमारीचे जुने कागद ९२ वर्षांनी सर्वांस खुले होतात. १९३१ सालची खानेसुमारी १ जून २०२३ रोजी खुली झाली. घरात माणसे किती, नावे काय, वये काय, जन्म कोठला, सारे त्यात वाचावयास मिळते. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे घरोघरची माहिती गुप्त राहते. एकंदर आकडे छापले जातात, आपल्या आजीची ओळ काही दिसत नाही. तेव्हा आपल्याला दुसऱ्या वाटा धुंडाळाव्या लागतात. त्या नाहीत असे मात्र नाही.

पहिली वाट तीर्थक्षेत्राची. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. त्यांस नामावळी म्हणतात. आपण गाव आणि आडनाव सांगावे, म्हणजे आपले उपाध्ये कोण ते कळते. घरातील जो कोणी यात्रेस किंवा श्राद्धास गेला असेल, त्याने आपली व आपल्या भाऊबंदांची नावे तेथे लिहविलेली असतात. जुनी पाने मोडीत, नंतरची बाळबोधीत. मी भावाला घेऊन त्र्यंबकेश्वरी गेले. उपाध्यायांनी लांबोडकी वही उलगडली आणि आमच्या आजोबांचे पान काढून पुढे ठेवले. त्यात आजोबांच्या आईचे नाव होते, आजीचेही होते. वंशावळीत नसलेल्या बायका येथे कशा, असे मी विचारले. गुरुजी म्हणाले, श्राद्धात बापाबरोबर आई, आजी, पणजी यांचेही नाव घेऊन पिंड द्यावा लागतो. नाव नसेल तर संकल्प कसा सोडावयाचा? मला त्यांचे म्हणणे पटले. पण माझ्या बयचे नाव त्या पानावर नव्हते. ज्या बाया वारल्या होत्या त्यांची नावे होती; जी घरी चूल फुंकीत बसली होती, तिचे नव्हते.

दुसरी वाट शाळेची व गावच्या दप्तराची. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, जात ही माहिती असते. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना चौदा या वहीत होत. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सरकारने नेमली, तेव्हा हीच रजिस्टरे कपाटांतून बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्या माणसांची शोधाशोध झाली. एरवी ज्यांना आपण रद्दी समजतो, त्या कागदांवर किती घरांचे भवितव्य अवलंबून असते, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मी एका कचेरीत बयची मृत्यूची नोंद शोधावयास गेले. दोनदा "उद्या या" झाले. तिसऱ्या खेपेस वही मिळाली, परंतु हवे ते पान वाळवीने खाल्लेले. असो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जिल्ह्यांची नावे व हद्दी बदलल्या आहेत. आपले माहुल पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली वेगळा झाला. तेव्हा त्यापूर्वीच्या कागदांवर ठाणे जिल्हा दिसेल. माझ्या माहेरचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई. नव्या नावाने शोधीत बसलो तर जुना कागद समोर असूनही ओळखू येत नाही.

तिसरी वाट मोठ्या दप्तरखान्यांची. मुंबईचे सरकारी दप्तर १८२१ साली सुरू झाले. पुण्यास पेशवे दप्तर आहे. त्यातील निवडक कागद गोविंदराव सरदेसाई यांनी १९३० नंतर ४५ भागांत छापून काढले. त्यांच्याही आधी इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून घराघरांतील दप्तरे गोळा करीत, आणि १९१० साली त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. देशमुख, इनामदार, वतनदार यांची घराणी या कागदांत सापडतात. मीठ पिकविणाऱ्याचे किंवा खाडीत जाळे टाकणाऱ्याचे घर तेथे क्वचित भेटते, आणि त्याची बायको तर नाहीच. आपल्या शेजारच्या ख्रिस्ती भगिनींची वाट मात्र थोडी सोपी आहे. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत बापाबरोबर आईचेही नाव लिहिण्याची रीत आहे.

या शोधात मॉरिशसची एक हकीकत कळली. १८३४ पासून हिंदुस्थानातून लाखो माणसे कराराने उसाच्या मळ्यांवर तेथे गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील मराठी लोकही होते. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि त्यापुढे नाव, वय, गाव, जात, अंगावरील खूण अशी नोंद होई. हे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवले आहे, आणि तेथील मराठी कुटुंबे त्यावरून आपले मूळ गाव शोधतात. मजुरीला गेलेल्या बाईलाही त्या वहीत तिचा स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचे नाव होते. ती नोंद मायेने केलेली नव्हती. मळेवाल्यांना माणसांचा हिशेब हवा होता. तरीही परमुलखात राबावयास गेलेल्या बाईचे नाव टिकले, आणि घरात सन्मानाने राहिलेल्या माझ्या बयचे पुसले गेले, हे मनाला लागल्यावाचून राहिले नाही.

आपल्या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली, तेव्हाही हाच प्रकार घडला. पुष्कळ बायकांनी यादीत आपले नाव न सांगता "अमक्याची बायको", "तमक्याची आई" असेच सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असली नावे चालणार नाहीत असे ठरविले आणि सुमारे २८ लाख बायका यादीतून वगळल्या गेल्या. त्यांतील बहुतेक उत्तरेकडील राज्यांतील होत्या. नाव न सांगण्यापायी त्यांचे मत गेले.

अखेर माझे काम झाले ते जमिनीच्या कागदांत. सातबारा आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु घराण्याचा इतिहास सातबाऱ्यावर नसतो, तो फेरफारात असतो. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, खातेदार केव्हा वारला, वारस कोण, हे सारे तेथे क्रमाने येते. काही जिल्ह्यांचे जुने कागद आता सरकारच्या "आपले अभिलेख" या स्थळावर पाहावयास मिळतात. बाकीचे तलाठी व तहसील कचेरीत मागावे लागतात. आमचे आजोबा १९५८ साली वारले. त्यांच्या वारसांच्या फेरफारात माझे वडील, काका, दोन्ही आत्या आणि विधवा म्हणून बय, अशी पाच नावे होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला व मुलींना वारस ठरविले, म्हणूनच ती तेथे आली. आजोबा तीस वर्षे आधी जाते, तर कदाचित मुलगेच तेवढे लिहिले असते.

बयचे नाव मी तीनदा वाचले. घरचे नाव म्हणून ते येथे छापीत नाही. परंतु पुढच्याच फेरफारात बयने व दोन्ही आत्यांनी आपला हक्क सोडल्याची नोंद होती. सोबतच्या जबाबाखाली तिघींचे अंगठे होते. बयचा फोटो आमच्याकडे नाही. तो निळसर अंगठा, एवढीच तिची खूण. नाव कागदावर आले आणि लगेच हिस्सा गेला. तिला कोणी वाचून दाखविले होते की नाही, कोण जाणे. शिवाय हे नाव सासरचे, लग्नात ठेवलेले. तिच्या आईने ठेवलेले नाव मला अजूनही मिळालेले नाही. भाचीच्या मुलाने वंशावळीत एक नाव लिहिले आणि त्यापुढे थोडी जागा मोकळी सोडली.

आता दिवस पालटले आहेत. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बापाच्या आधी लावावयाचे, असे आपल्या राज्य सरकारने २०२४ साली ठरविले. हे चांगलेच झाले. पण मागच्या नावांचे काय? ती कायद्याने परत येत नाहीत. ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच उरली आहेत.

आपल्या माहुलची गोष्टच पाहा. एका बाजूला खाडी आणि जुने गावठाण. दुसऱ्या बाजूला १९५४-५५ सालापासून उभे असलेले तेलशुद्धीचे कारखाने. अलीकडे तानसा जलवाहिनीलगतची घरे हटल्यावर पुष्कळ कुटुंबे येथील इमारतींत राहावयास आली. घर हलले की पहिल्याने कागद हरवतात. तेव्हा माझी एक सूचना आहे. हळदीकुंकवाला आपण एकमेकींना नाव घ्यायला लावतो, ते नवऱ्याचे. यंदा मंडळाने एक जाड वही आणावी. प्रत्येकीने आपले नाव, माहेरचे नाव, आईचे, आजीचे, पणजीचे नाव आणि तिचे माहेरचे गाव तीत लिहावे. जिला लिहिता येत नाही तिचे मी लिहीन. आणि जिची आजी अजून घरी आहे, तिने आज संध्याकाळीच तिला विचारावे.