भीमेच्या थडीला तीन ठाणं

सोलापूर सोडून मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलात की बेगमपूरला भीमेवरचा पूल येतो. गाडी बाजूला घ्या आणि जरा नदीकाठी उतरा. पलीकडे माचणूरच्या सिद्धेश्वराचं देऊळ आणि गढीची पडकी भिंत दिसते. 1695 ते 1699 या काळात औरंगजेबाची छावणी ह्याच परिसरात, ब्रह्मपुरीला होती. आता पूल पुसून टाका. उसाच्या ट्रॉल्या, कालवा, विजेचे खांब, सगळं पुसा. देऊळ आणि नदी तेवढी राहू द्या.

1817चा श्रावण आहे. तुमचं वय सोळा, पायात काही नाही, आणि नाकात लिदीचा वास गेला आहे. तो वाईट नसतो, गवताचाच असतो, पण पहाटे पहिल्यांदा आला की माणूस दचकतो.

"ए पोरा, हुबा काय ऱ्हायलास? लीद काय म्हातारीनं भरायची?"

हे आबा. आबा शिलेदार आहेत, म्हणजे घोडा त्यांचा स्वतःचा. ज्याला सरकारी किंवा दुसऱ्याचा घोडा मिळतो तो बारगीर. हे घर मी कल्पनेतलं घेतलं आहे, पण अशी घरं ह्या थडीला होती आणि त्यांच्या जनावरांमुळेच ‘भीमथडी’ हा शब्द नकाशापेक्षा घोड्यालाच जास्त चिकटला. आज राज्यगीत म्हणताना तुम्ही त्या तट्टांचं नाव घेता. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीची वेगळी जात म्हणून नोंदही केली आहे. पण आत्ता, ह्या पहाटे, ती जात तुमच्यासमोर अगाडी-पिछाडी लावून उभी आहे आणि चंदीची वाट बघते आहे.

ठाणं तीन. पहिल्या ठाणावर सबजी, आबांची लढाईवरची घोडी. उंची बेताचीच, दिसायला काही फार नाही. दोर सैल पडले की डोळा मिटून पेंगणारी. दुसऱ्यावर कुमैत, धाकल्या काकांचा. तिसऱ्यावर सबजीचाच तीन वर्षांचा वछेरा, अजून पाठीवर कुणी न बसलेला. तुम्हाला आणलंय ते ह्याच्यासाठी. आबा म्हणतात की सबजीची पणजी आलमगिराच्या, म्हणजे औरंगजेबाच्या, छावणीतून सुटून आली होती. ऐकून घ्या. घोडेवाला आपल्या घोडीची वंशावळ अरबस्तानापर्यंत नेल्याशिवाय गप्प बसत नाही, तेव्हाही आणि आज अकलूजच्या घोडेबाजारातही.

पावसाळ्यात घोडी घरी का, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. जूनमध्ये इंग्रजांनी बाजीरावाकडून पुण्याचा तह लिहून घेतला. त्यानंतर श्रीमंतांनी घोडदळ मोडल्याचं दाखवलं, पण निरोप देताना सात महिन्यांचा पगार हातावर ठेवला आणि हाक आली की सोबत्यांसह हजर व्हा म्हणून सांगितलं. त्यामुळे ह्या साली गावोगावच्या ठाणांवर जे चाललं होतं त्याला घरगुती अश्वपालन म्हणा नाहीतर लपवलेलं सैन्य म्हणा. आबांच्या घरी ते दोन्ही होतं.

लीद भरली की खरारा. आधी मानेपासून मागं, मग पाठ, मग पोट. पायांशी बसताना कधी मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं, म्हणजे उडी मारता येते. हात सतत जनावराच्या अंगावर ठेवायचा, तुम्ही कुठं आहात हे त्याला कळलं पाहिजे. खूर उचलायचा तर पायावरून हात खाली सरकवत न्यायचा आणि घोट्याच्या वर, मागच्या शिरेवर दोन बोटांनी दाबायचं. वछेरा दोनदा पाय झटकतो, तिसऱ्यांदा देतो. खुराच्या मधली मऊ बाहुली हुंगून बघा. वास कुजका आला तर ठाण ओलं आहे. आबा काही बोलत नाहीत, फावडं तेवढं तुमच्याकडे सरकवतात. ओली माती खरवडून तुम्ही नदीची कोरडी वाळू पसरता. श्रावणात कोरडी वाळू मिळवायची म्हणजे दोन पोती आधीच घरात भरून ठेवलेली असावी लागतात. असतात.

खाणं म्हणजे कडबा, काठावरची हरळी आणि तोबऱ्यात भिजवलेले हरभरे किंवा भरडलेले हुलगे. क्रम मात्र ठरलेला: पाणी आधी, चंदी मग. घामेजलेल्या जनावराला तर पाणीसुद्धा लगेच नाही. आधी हातानं धरून फेरायचं, छाती थंड लागली की मग. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं वाईट असो की जादा, त्याला खालूनच वाट काढावी लागते. नाही काढली तर पोटशूळ, आणि पोटशुळानं लोळणारा घोडा सकाळपर्यंत राहीलच असं कुणी सांगत नाही. म्हणून रात्री दोनदा उठून पोटाला कान लावायचा. गुडगुड ऐकू आली की झोपा. शांतता असेल तर आबांना उठवा.

निजण्याआधी आजी तबेल्यातला दिवा स्वतः मालवते, तुमच्यावर सोडत नाही. उंदीर पेटती वात ओढून गंजीत नेतो, म्हणते. चिपळूणजवळच्या आपल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या पत्रात हीच भीती आहे: दिव्याची वात, उंदीर, जळून जाणारं गवत आणि पावसाळ्यात उपाशी मरणारी घोडी. ते पत्र आजीनं ऐकलेलं नाही. तिच्या घराची सगळी पुंजी त्या तीन दोरांना बांधलेली आहे, एवढं तिला पुरतं.

वछेऱ्याला चाबूकस्वार फिरवतो, पण तो दहा दिवसांतून एकदा येणार. बाकीचे दिवस तुमचे. पहिले आठ दिवस पाठीवर नुसतं घोंगडं. मग रिकामं खोगीर. खोगीर म्हणजे आत चिंध्या-लोकर काहीबाही कोंबलेली गादी. ‘खोगीरभरती’ आली ती इथूनच. मग त्यावर जोंधळ्याचं अर्धं पोतं, आणि त्यानंतर तुम्ही, कारण घरात सगळ्यात हलके तुम्हीच.

नदीच्या वाळवंटात चाबूकस्वार लांब दोर धरून मधे उभा राहतो आणि वछेरा त्याच्याभोवती गोल पळतो. डावीकडून बारा फेरे, उजवीकडून बारा. मग गोल लहान करत न्यायचा, इतका की जनावर स्वतःच्या शेपटीमागं वळल्यासारखं दिसतं. ह्याला कावा देणं म्हणतात. जे मऱ्हाटी घोडं कावा देऊन निसटतं, त्याच्या ह्या फेऱ्यांवरूनच शब्द उचलून पुढे ‘गनिमी कावा’ झाला. तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात तो डोंगरदऱ्यांत शोधला असेल. इथं तो सपाट वाळूत, दोराच्या टोकाला आहे, आणि तुमच्या दोन्ही मांड्या सोललेल्या आहेत.

चंदीच्या वेळी शेजारचा पोरगा हलगी बडवतो. पहिल्या दिवशी वछेऱ्यानं मेख उपटली. पाचव्या दिवशी कान मागं केले. बाराव्या दिवशी हलगी वाजली आणि तो तोबरा शोधायला लागला. मग आबांनी बंदुकीचा बार काढला; तोही हुलग्यांच्या चवीबरोबर त्याच्या अंगवळणी पडला. मारून हे होत नाही का, असं तुम्ही विचारता. "हुतं की," आबा म्हणतात. "मंग बार झाला की त्यो माराची याद काढतो. आन् बार कुठं हुनार? लढाईत. वर कोन बसलेला आसतो?"

भादव्यात बोलावणं येतं. खंडेनवमीची पूजा घरात आधीच उरकून घेतात, घोड्यांच्या कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडू. आबा आणि धाकले काका पुण्याला निघतात. त्या साली 19 ऑक्टोबरला दसरा झाला, पेशव्यांचा पुण्यातला शेवटचा. पुढचं तुम्हाला तारखांसकट पाठ आहे: 5 नोव्हेंबरला खडकी, 1 जानेवारीला कोरेगाव, आणि मग पेशवा पुढं, इंग्रज मागं, अशी महाराष्ट्रभर पळापळ. घरी एवढंच कळतं की सबजी अजून आहे. माणसांची खबर विचारण्याआधी आजी तेच विचारते. तुम्हाला ते खटकतं. काकीला खटकत नाही. घोडा मेला की शिलेदाराचा बारगीर होतो, पगार निम्म्याच्या आत येतो, आणि दुसरा घोडा घ्यायला जमीन सावकाराकडे जाते.

20 फेब्रुवारी 1818. मोहोळच्या बाजूला आष्टीजवळ इंग्रजांच्या जनरल स्मिथनं पेशव्यांना गाठलं. श्रीमंत जेवणावर होते. पालखी सोडून घोड्यावर बसले आणि निघून गेले. त्यांचे सेनापती बापू गोखले मागं थांबले, काही शे स्वार घेऊन इंग्रजांच्या घोडदळावर तुटून पडले, स्मिथच्या डोक्याला जखम झाली, आणि बापू पडले. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज त्या दिवशी इंग्रजांच्या हाती लागले. इंग्रजांना शिलेदारांची ही पद्धत इतकी पसंत पडली की स्वतःचा घोडा घेऊन येणारे ‘सिल्लेदार’ त्यांच्या हिंदी घोडदळात पहिल्या महायुद्धानंतरपर्यंत राहिले. शब्द मूळचा फारसी, आपल्या आणि त्यांच्या जिभेवर थोडा वाकडा झालेला.

पण ते पुढचं. आष्टीच्या दुसऱ्या दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, नदीच्या बाजूनं आबा येतात. चालत. हातात सबजीचा लगाम, खोगिरावर कुणी नाही. कुमैत नाही, धाकले काका नाहीत. काकी उंबऱ्यात बसते ती बसतेच.

बापूंबरोबर आबा गेले होते की नाही, हे तुम्हाला विचारायचं आहे. बखरी आणि इंग्रजांचे कागद अशा माणसांना पळपुटे म्हणतात. लूट दिसली की पुढं, मार बसला की मागं. तीन ठाणांची वाळू वाहिल्यावर मला तो शब्द सरळ वाटत नाही. सबजीच्या उजव्या खांद्यावर वीतभर वार आहे, हळद दाबून बांधलेला. वरची पट्टी आबांच्या पागोट्याचा तुकडा आहे. त्यांचं डोकं उघडं आहे.

घोडी पाण्याच्या डोणीकडे मान ओढते. छाती फेसाळली आहे, बरगड्या भात्यासारख्या हलतात. तुम्ही दोर सैल सोडता, इतका प्रवास झालाय, प्यायला हवंच.

आबांचा हात मधे येतो. ते तुमच्याकडे बघतही नाहीत, तळवा घोडीच्या छातीला लावून ठेवतात.

"गरम हाय. आधी फेर तिला."

अंधार पडतो आहे. तुम्ही तिला अंगणातून फिरवता, डावीकडून एक, उजवीकडून एक. तिसऱ्या ठाणावर वछेरा आईचा वास घेऊन खिंकाळतो, आणि ती चालता चालता एक कान तिकडे वळवते.