छायाचित्रणाचा हक्क आणि ‘इष्ट’ हा शब्द : ब्रिटिश कायद्यातील एक प्रकरण

सार्वजनिक जागी उभे राहून दृष्टीस पडेल ते टिपण्यास इंग्लंडच्या कायद्याने सर्वसाधारणपणे परवान्याची अट घातलेली नाही. तथापि हा हक्क स्वतंत्रपणे शब्दबद्धही झालेला नाही. जे निषिद्ध नाही ते मोकळे, एवढ्याच तत्त्वावर तो उभा आहे. म्हणून त्याचा इतिहास हा मुख्यतः त्याच्या अपवादांचा इतिहास होय.

यांपैकी एक महत्त्वाचा अपवाद १९११ च्या शासकीय गुपितांच्या कायद्यात आढळतो. जर्मन हेरांची धास्ती पसरलेली असताना कॉमन्स सभागृहाने १८ ऑगस्ट रोजी हे विधेयक एका दुपारीत संमत केले. ‘रेखाटन’ या संज्ञेत छायाचित्राचाही समावेश होतो, अशी व्याख्या त्यात होती. १९२३ च्या हिंदुस्थानातील कायद्यातही ती उतरली. मात्र राज्याच्या हितास बाधक असा हेतू हे या अपराधाचे अंग होते. हेतू सिद्ध करण्याचे ओझे कायद्याने हलके केले असले, तरी हेतूचा प्रश्न शिल्लक ठेवला होता.

२००० च्या दहशतवादविषयक कायद्याच्या कलम ४४ ने झडतीच्या बाबतीत हा आधारच बाजूस सारला. दहशतवादी कृत्यांच्या प्रतिबंधासाठी ‘इष्ट’ वाटल्यास वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने एखादे क्षेत्र जास्तीत जास्त २८ दिवसांसाठी निश्चित करावे आणि तेथे गणवेषधारी शिपायाने संशयाचे कारण नसतानाही झडती घ्यावी, अशी ही योजना होती. मुदत संपताच नवा आदेश काढता येत असे. परिणामी फेब्रुवारी २००१ पासून लंडन महानगर पोलिसांचे संपूर्ण क्षेत्र अशा आदेशांच्या अखंड साखळीखाली राहिले. अपवादाचा नियम झाला, तो असा.

९ सप्टेंबर २००३ रोजी लंडनच्या डॉकलँड्स भागात शस्त्रास्त्रांच्या प्रदर्शनाविरुद्ध निदर्शने चालू असता एका विद्यार्थ्याची व एका महिला पत्रकाराची झडती घेण्यात आली. पत्रकाराने ओळखपत्र दाखविले असताही तिला चित्रण थांबविण्यास सांगण्यात आले. २००६ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने दोघांचे अपील फेटाळले. ‘इष्ट’ आणि ‘आवश्यक’ यांच्या अर्थांत भेद आहे व संसदेने पहिला शब्द जाणूनबुजून योजला, असा लॉर्ड बिंगहॅम यांचा निर्वाळा होता.

स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १२ जानेवारी २०१० रोजी ‘गिलन व क्विंटन’ खटल्यात नेमक्या याच शब्दावर बोट ठेवले. ‘इष्ट’ म्हणजे केवळ उपयुक्त. त्यात आवश्यकतेची, म्हणून प्रमाणबद्धतेचीही, कसोटी नाही. झडत्यांची संख्या २००४-०५ मधील ३३,१७७ वरून २००७-०८ मध्ये १,१७,२७८ वर गेल्याची नोंदही न्यायालयाने घेतली. खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग झाला, असा निर्णय झाला.

दरम्यान १६ फेब्रुवारी २००९ रोजी कलम ५८अ अमलात आले. पोलिसांविषयीची, दहशतवाद्यास उपयोगी पडण्याजोगी माहिती मिळविणे वा प्रसिद्ध करणे हा त्यान्वये अपराध ठरला. पोलिसांचे छायाचित्रही या कक्षेत ओढले जाईल, या भीतीने छायाचित्रकारांनी त्याच दिवशी स्कॉटलंड यार्डसमोर निषेध केला. २३ जानेवारी २०१० रोजी ते ट्रॅफल्गार चौकात पुन्हा एकत्र आले. त्या वर्षीच्या जुलैत गृहमंत्र्यांनी कलम ४४ खालील संशयविरहित झडत्या थांबविल्या. २०१२ च्या कायद्याने त्याजागी नवी तरतूद आणली. दहशतवादी कृत्य घडणार असल्याचा रास्त संशय, ‘आवश्यक’ हा शब्द आणि १४ दिवसांची मर्यादा ही तिची अंगे होत. कलम ५८अ मात्र रद्द झाले नाही.

या साऱ्या प्रकरणातील एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने खाजगी जीवनाच्या मुद्द्यावर निर्णय दिल्यावर अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा तपासण्याचे कारण उरले नाही, असे ठरविले. म्हणजे पत्रकाराच्या सामानाच्या झडतीचा न्याय झाला. तिचे चित्रण थांबविण्यात आले, त्याचा झाला नाही. छायाचित्रकारास लाभलेले संरक्षण हे दुसऱ्याच हक्काच्या आश्रयाने आलेले आहे. ज्या हक्कासाठी लोक चौकात जमले, तो त्या खटल्यात अनिर्णीतच राहिला.