गच्चीवरून गच्चीवर

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच शहरातल्या उंच इमारतींमध्ये एक नवा धंदा उभा राहिला. एका खोलीत व्हीसीआर ठेवायचा, त्यातून निघालेली काळी वायर जिन्याच्या कडेने मजल्यामजल्यावर न्यायची आणि घरोघरी सिनेमा दाखवायचा. महिन्याचे पैसे रोख. ना परवाना, ना पाटी. हा माणूस म्हणजे केबलवाला.

त्याच्या हातातली वायर मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या विचारातून आलेली होती. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज तारतज्ज्ञाने 1880 मध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले, ज्यात एक वाहक दुसऱ्या नळीसारख्या वाहकाच्या मधोमध राहतो. 1929 मध्ये अमेरिकेत लॉइड एस्पेन्शीड आणि हर्मन अ‍ॅफेल यांनी तशाच रचनेच्या, एकाच वेळी अनेक संभाषणे वाहून नेणाऱ्या केबलसाठी पेटंटचा अर्ज केला. केबलवाल्याची वायर म्हणजे अशीच कोअ‍ॅक्सियल केबल: मधे तांब्याची किंवा तांब्याचा मुलामा दिलेली तार, तिच्याभोवती प्लॅस्टिकचा थर, त्यावर पत्रा आणि जाळी, सर्वांत वर काळे आवरण. सिग्नल आतल्या तारेच्या आणि जाळीच्या मधल्या जागेतून जातो; त्यामुळे तो बाहेर सांडत नाही आणि बाहेरचा गोंगाट सहसा आत शिरत नाही.

अमेरिकेत 1940 च्या दशकाच्या शेवटी ही केबल टीव्हीसाठी ओढली गेली, कारण पेनसिल्व्हेनिया आणि ओरेगॉनमधल्या काही गावांत डोंगर आड येऊन चित्र पोहोचत नव्हते. मुंबईची अडचण उलटी होती. इथे चित्र पोहोचत होते. पाहण्याजोगे पुरेसे नव्हते.

ती उणीव आकाशातून भरून निघाली. जानेवारी 1991 मध्ये आखाती युद्ध सुरू झाले आणि सीएनएनची दृश्ये उपग्रहावरून भारतात दिसू लागली. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला आणि 2 ऑक्टोबर 1992 रोजी झी टीव्ही आला. केबलवाल्याने गच्चीवर मोठी डिश बसवली. उपग्रहाचा सिग्नल सुमारे 4 गिगाहर्ट्झचा. इतकी उंच कंपने वायरमध्ये झपाट्याने क्षीण होतात. म्हणून डिशच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी ती आधी खाली आणतो. मग केबलवाल्याच्या खोलीतली मॉड्युलेटर यंत्रे प्रत्येक वाहिनीला वेगळी जागा देतात आणि सगळ्या एकाच वायरीतून निघतात.

पुढचा सगळा व्यवहार अंतराचा होता. वायर जितकी लांब तितका सिग्नल कमी, आणि वरच्या क्रमांकाच्या वाहिन्या आधी खराब होतात. लांब पल्ल्याला जाड आरजी-11, घरात शिरताना बारीक आरजी-6, आणि वाटेत ठरावीक अंतरावर बूस्टर. प्रत्येक स्प्लिटर सिग्नलची वाटणी करतो. दोन तोंडांचा असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याहून थोडे कमीच येते. चोरून जोडणी घेणारा शेजारी त्यामुळे लगेच कळायचा: खालच्या मजल्यावर पडद्यावर मुंग्या यायच्या.

रस्ता खणायला परवानगी लागते, म्हणून वायरी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, झाडांवरून, खांबांवरून गेल्या. पावसाळ्यात तिथेच दुखणे सुरू व्हायचे. सांध्यातून पाणी शिरले की जाळी गंजते आणि चित्र जाते. दोष बहुतेकदा टोकाच्या एफ कनेक्टरपाशी सापडे. 1950 च्या दशकात अमेरिकेत केबल टीव्हीसाठी बनलेल्या या जोडाला स्वतःची पिनसुद्धा नसते. केबलची मधली तारच पिनेचे काम करते. म्हणून तो स्वस्त. पण तार आखूड कापली किंवा जाळीचा एक तंतू तिला चिकटला, तर सिग्नल तिथेच अडला. सारी व्यवस्था 75 ओहमच्या प्रतिबाधेची. हे माप कुठे जुळले नाही तर सिग्नल उलटा परततो आणि जुन्या टीव्हीवर एका माणसाशेजारी त्याचीच फिकट आकृती दिसते. हे सारे केबलवाल्याकडची मुले कॉलेजात नव्हे, पक्कड हातात घेऊन शिकली.

सरकारचा केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा 1995 मध्ये आला. नोंदणी सक्तीची झाली, दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे बंधनकारक झाले. तोपर्यंत जाळे विणून झालेले होते. 1999 मध्ये अल्फा मराठी आणि 2000 मध्ये ईटीव्ही मराठी सुरू झाल्या, तेव्हा त्यांना प्रेक्षकांपर्यंत नेणारी वायर आधीच घरात येऊन थांबलेली होती.

31 ऑक्टोबर 2012 च्या मुदतीनंतर मुंबईत अ‍ॅनालॉग केबल बंद करून सेट टॉप बॉक्स सक्तीचा करण्यात आला. मुख्य मार्गांवर आता फायबर आहे आणि मुंग्यांच्या जागी चौकटी फुटतात. पण खिडकीबाहेरच्या डीटीएच डिशपासून टीव्हीखालच्या बॉक्सपर्यंतची वायर आजही तीच कोअ‍ॅक्सियल आहे, आणि तिच्या दोन्ही टोकांना तोच एफ कनेक्टर आहे.