शाळा व्यवस्थापन समितीची कुळकथा

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. त्यानुसार पहिली शाळा 1918 मध्ये चिखली गावी सुरू झाली. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. त्या काळी शेतमजुराच्या घरात ही रक्कम लहान नव्हती. शाळा दरबार काढणार, खर्चही दरबार करणार, पालकाने फक्त मूल धाडायचे. कारभारात पालकाचे मत विचारावे, ही कल्पनाच तेव्हा नव्हती. पोराला गुरे राखायला पाठवण्याची चाल मोडायची होती, तेव्हा दरबाराने पालकाला आधी धाकात धरले यात नवल नाही.

शेजारच्या ब्रिटिश मुलखात 1923 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेला. 1949 मध्ये कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले आणि स्कूल बोर्डांची व्यवस्था इथेही लागू झाली. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, तशी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांची सूत्रे त्यांच्या शिक्षण समितीकडे गेली. लोकांनी निवडलेली माणसे शाळा चालवू लागली खरी. पण ती जिल्ह्याच्या राजकारणातून आलेली होती, वर्गातल्या मुलांच्या घरांतून नव्हे. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर निघालेल्या ग्राम शिक्षण समित्यांनी कारभार गावापर्यंत आणला, तरी गावचे पुढारी आणि मुलांचे आईबाप यांत त्यांनी फारसा भेद केला नाही.

तो भेद 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने केला. 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आलेल्या या कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतो. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ही समितीची कामे. केंद्राच्या नमुना नियमांनुसार दरमहा बैठक घ्यायची आणि इतिवृत्त लोकांना पाहायला खुले ठेवायचे. हा शेवटचा नियम सर्वांत दुर्लक्षित: इतिवृत्ताची वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहिली, तर समितीत नसलेल्या पालकाला ठराव कळणार कुठून?

तुलनेसाठी अमेरिकेतील शिकागो शहर पाहा: 1988 च्या कायद्याने तिथल्या शाळांना अशीच पालकांची परिषद मिळाली. तिथे सहा निवडून आलेले पालक बसतात, मुख्याध्यापक निवडण्याचा हक्क परिषदेला असतो आणि सभा जनतेला खुल्या असतात. इथल्या समितीला नेमणुकीत हात नाही. शिक्षकांची बदली जिल्हा परिषद करते, समिती फार तर तक्रारीचा ठराव धाडते.

विनाअनुदानित खाजगी शाळांना कलम 21 लागू नाही. त्यांच्यासाठी राज्याचा शुल्क नियमनाचा वेगळा कायदा आहे. त्यातील पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचे पालक सदस्य सोडतीने ठरतात. फी किती असावी यावर ते बोलू शकतात. अध्यक्षपद मात्र प्राचार्यांकडेच असते, पालकाच्या वाट्याला उपाध्यक्षपद येते.