मातीचे पात्र : रॉयल वाइल्डर आणि कोल्हापूरचे मिशनकार्य (१८५२–१८७५)

धर्मप्रसारकांचा इतिहास लिहिण्याच्या दोन ठरीव पद्धती रूढ झाल्या आहेत. मिशनच्या अहवालांतून व स्मरणग्रंथांतून संतचरित्रे निर्माण होतात. विरोधी लेखनात तीच माणसे परसत्तेचे हस्तक म्हणून रंगविली जातात. या दोन पद्धती परस्परविरुद्ध भासल्या, तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. कार्य चांगले असेल तर कर्ता निर्दोष असला पाहिजे, आणि कर्ता सदोष ठरला की त्याचे कार्यही त्याज्य ठरते, असे ते गृहीत होय. कोल्हापूरच्या अमेरिकन मिशनचे संस्थापक रॉयल गूल्ड वाइल्डर यांचे चरित्र या गृहीताची कसोटी पाहणारे आहे.

ख्रिस्ती धर्मविचारापुढे हा प्रश्न फार प्राचीन काळी उभा राहिला होता. चौथ्या शतकाच्या प्रारंभी सम्राट डायोक्लीशन याच्या छळाला भिऊन उत्तर आफ्रिकेतील काही धर्माधिकाऱ्यांनी धर्मग्रंथ सरकारच्या स्वाधीन केले. अशा पतित अधिकाऱ्यांच्या हातून झालेले संस्कार निष्फळ होत, असे मत डोनाटिस्ट पंथाने मांडले. ऑगस्टीन याने त्याचा कसून प्रतिवाद केला. संस्काराचे सामर्थ्य ख्रिस्ताचे आहे, संस्कार देणाऱ्याचे नव्हे, असा त्याचा सिद्धान्त होता. ४११ साली कार्थेज येथे भरलेल्या परिषदेचा निर्णयही डोनाटिस्टांच्या विरुद्ध गेला. त्याआधी पौलाने मातीच्या पात्रात ठेवलेल्या ठेव्याचे रूपक योजून हाच आशय सूचित केला होता. ज्याने आपल्या गुरूला तीनदा नाकारले, तो पेत्रच आद्य मंडळीचा अग्रणी झाला, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. मात्र या सिद्धान्ताने दोषांना माफी मिळते, असे नव्हे. कर्त्याचा दोष आणि कार्याचे मूल्य यांचा हिशोब स्वतंत्रपणे मांडावा, एवढेच तो सांगतो.

वाइल्डर यांचा जन्म १८१६ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. मिडलबरी महाविद्यालयात व अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात शिक्षण घेतल्यावर १८४६ मध्ये ते पत्नी एलायझा यांच्यासह अमेरिकन बोर्डाच्या वतीने हिंदुस्थानास निघाले. अहमदनगर येथे काही वर्षे काम करून १८५२ साली ते कोल्हापुरास आले. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर कोल्हापूरच्या कारभारावर इंग्रजांचा हात पक्का बसला होता. अंबाबाईच्या या क्षेत्रात परकीय उपदेशकाचे स्वागत होण्याचे कारण नव्हते. अशा स्थितीत वाइल्डर यांनी शाळांचा मार्ग धरला, आणि पुढील कलहाचे बीजही तेथेच पेरले गेले.

अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४–५५ मध्ये पाहणीसाठी पश्चिम हिंदुस्थानात आले. मिशनऱ्याने प्रथम उपदेश करावा, देशी भाषेत करावा, आणि लवकरात लवकर स्वयंशासित, स्वावलंबी व स्वयंप्रसारक अशी देशी मंडळी उभी करून आपण बाजूस व्हावे, हे त्यांचे धोरण होते. शाळांवर, विशेषतः इंग्रजी शाळांवर, पैसा व माणसे खर्चणे त्यांना अनाठायी वाटे. वाइल्डर यांना हे मान्य नव्हते. जेथे ऐकावयास कोणी जमत नाही, तेथे शाळा हेच उपदेशाचे पहिले द्वार होय, अशी त्यांची धारणा होती. १८५७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने मायदेशी परतल्यावर हा वाद चिघळला आणि अखेर बोर्डाशी असलेला त्यांचा संबंध तुटला. १८६१ साली त्यांनी हिंदुस्थानातील मिशनशाळांवर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी कोणत्याही संस्थेच्या आधाराशिवाय ते कोल्हापुरास परतले.

पुढील सुमारे नऊ वर्षे वाइल्डर स्वतंत्रपणे, हितचिंतकांच्या वर्गणीवर कार्य करीत राहिले. १८७० मध्ये अमेरिकेतील प्रेसबिटेरियन बोर्डाने हे क्षेत्र आपल्याकडे घेतले. या काळाचे श्रेय वाइल्डर यांच्या चिकाटीस द्यावे लागते. परंतु चिकाटी आणि हेकटपणा यांच्या सीमा येथे एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. ज्या स्वभावाने त्यांना वरिष्ठांपुढे नमू दिले नाही, त्याच स्वभावाने त्यांना निराधार अवस्थेत परत येण्याचे बळ दिले. वेगळ्या स्वभावाचा मनुष्य बोर्डात राहिला असता. पण मग १८६१ नंतरचे कोल्हापूरचे काम त्याच्या हातून झाले असते काय, हा प्रश्न उरतो.

वाइल्डर यांच्या चरित्रविषयक नोंदींत तीन हजारांहून अधिक गावांत उपदेश, तीस लक्षांहून अधिक पृष्ठांच्या पत्रकांचे वाटप आणि ३,३०० हून अधिक विद्यार्थी, त्यांत ३०० मुली, असे आकडे दिलेले आहेत. या आकड्यांवरून श्रमांचे मोजमाप होते, परिणामाचे होत नाही. शिवाय असे श्रम एकट्या माणसाचे नसतात. वर्गात शिकविणारे मराठी पंतोजी आणि गावोगाव वाट दाखविणारे सोबती यांच्यावाचून ही संख्या संभवत नाही. पण आकड्यांच्या शेजारी नाव एकाच माणसाचे उभे राहते. कर्त्यांचे मोठेपण सांगणाऱ्या इतिहासाचा हा नित्याचा दोष होय. दुसरे असे की, हिंदू धर्माकडे पाहण्याची वाइल्डर यांची दृष्टी त्या काळच्या मिशनऱ्यांचीच होती. समोरच्या समाजाच्या भक्तिपरंपरेत आपल्याला शिकण्यासारखे काही असेल, ही जाणीव तीत अभावानेच होती.

यावरून अँडरसन यांचा पक्ष सर्वस्वी चुकीचा होता, असेही म्हणता येणार नाही. मराठी मंडळी स्वतःची धनी केव्हा होणार, हा त्यांचा प्रश्न वाइल्डर यांच्या शाळांनी सुटला नाही. तोच प्रश्न पुढे एका मराठी माणसाने आपल्या आचरणातून पुन्हा उपस्थित केला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची वेतनी सेवा सोडून संन्यस्त झाले. त्यांच्या 'देवाचा दरबार' या योजनेत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना स्थान होते. टिळकही निर्दोष नव्हते. त्यांचा शीघ्रकोप, त्यांची लहर आणि संसाराविषयीची बेफिकिरी यांचे वर्णन लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात विनोदाने, पण काहीही न झाकता केले आहे. स्वतःचे सोवळे व जातिभेदाचे संस्कार कसे हळूहळू गळून पडले, हेही त्यांनी तितक्याच मोकळेपणाने सांगितले. त्यामुळे पतीविषयी वाचकाचा आदर उणावत नाही. उलट तो विश्वासार्ह होतो. मिशनच्या अहवालांना जे साधले नाही ते 'स्मृतिचित्रां'ना साधले, याचे कारण दोष आणि सेवा ही दोन्ही त्यांत एकाच घरात नांदताना दिसतात.

वाइल्डर १८७५ मध्ये कोल्हापूर सोडून अमेरिकेस परतले. १८७८ पासून त्यांनी 'मिशनरी रिव्ह्यू' हे नियतकालिक चालविले आणि त्यातून मिशन बोर्डांच्या कारभारावर तिखट टीका केली. वयाने त्यांच्या स्वभावास मुरड पडली नव्हती. १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी १८८६ मध्ये, १८६३ साली कोल्हापुरात जन्मलेले त्यांचे पुत्र रॉबर्ट यांनी अमेरिकेतील माउंट हर्मन येथील विद्यार्थिशिबिरात परदेशी सेवेची हाक दिली आणि शंभर तरुण त्यासाठी पुढे आले. पुढे विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ म्हणून ती जगभर ज्ञात झाली. इकडे त्याच प्रेसबिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये आले आणि १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. कोल्हापुरातील एका चर्चला वाइल्डर यांचे नाव आहे.

स्मारकावर नाव कोरले गेले की माणूस गुळगुळीत होतो. त्याचे भांडण, त्याचा हेका आणि त्याच्या सोबत्यांची नावे दगडावर येत नाहीत. ती परत मिळविणे हे इतिहासकाराचे काम आहे. वाइल्डर यांचे दोष नोंदविल्याने त्यांच्या शाळांत अक्षरओळख झालेल्या ३०० मुलींचे शिक्षण पुसले जात नाही. आणि त्या मुलींकडे बोट दाखवून वाइल्डर यांचे दोषही पुसता येत नाहीत. पात्र मातीचेच होते. ते मातीचे होते हे मान्य केल्यावरच त्यात काय ठेवले होते, याची चिकित्सा प्रामाणिकपणे करता येते.