पहिले सुवर्णपदक : एक पुनर्विचार

राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक १९५४ साली 'श्यामची आई' या मराठी चित्रपटास मिळाले. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन' या हिंदी चित्रपटास गुणवत्तेच्या प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. त्याच वर्षी कानच्या महोत्सवात मात्र 'दो बिघा जमीन'चा गौरव झाला. तेव्हा परीक्षकांची निवड चुकली काय, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

दोन्ही कथांच्या मुळाशी कर्ज आहे. साने गुरुजींच्या १९३५ च्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी उभ्या केलेल्या कोकणातील घरात दारिद्र्य हे संस्कारांची कसोटी ठरते; आई झिजते, परंतु मुलाचे मन घडते. शंभूच्या दारिद्र्यातून असे काहीच निष्पन्न होत नाही. जमीन सोडविण्यासाठी तो कलकत्त्यात रिक्षा ओढतो. परततो तेव्हा तेथे कारखाना उभा राहत असतो, आणि मूठभर मातीही त्याला नेऊ दिली जात नाही.

या पारितोषिकांना कलागुणांबरोबरच शैक्षणिक व सांस्कृतिक मूल्य अभिप्रेत होते. त्या कसोटीवर निर्णय सुसंगतच म्हणावा लागेल. उणीव होती ती कसोटीतच; शिकवण देणाऱ्या दुःखाला तिने, केवळ साक्ष देणाऱ्या दुःखाहून श्रेष्ठ मानण्यास वाव दिला. पुढे १९५५ च्या चित्रपटांतून 'पथेर पांचाली'ची निवड झाली, तेव्हा बोध न करणाऱ्या दारिद्र्यचित्रणासही तोच मान लाभला. 'श्यामची आई'चा अधिकार त्याने उणावत नाही. शंभूवरील अन्याय तेवढा स्पष्ट होतो.