‘पगार’ शब्दाची व्युत्पत्ती आणि ठाणे-कल्याण परिसर

प्रस्तावना :
शासकीय मराठीत ‘वेतन’ हा शब्द रूढ आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील नोकरदाराच्या बोलण्यात मात्र ‘पगार’च होतो. हा शब्द पोर्तुगीज आहे, हे सर्वज्ञात आहे. परंतु केवळ परकीय सत्तेमुळे तो रुजला असे मानणे पुरेसे नाही.

व्युत्पत्ती :
लॅटिनमध्ये ‘पाक्स’ म्हणजे शांतता व ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘पाकारे’ला देणे फेडून धनकोचे समाधान करणे असा अर्थ आला. पोर्तुगीज व स्पॅनिश ‘पगार’, इटालियन ‘पगारे’ आणि फ्रेंच ‘पेये’ ही त्याचीच रूपे होत. या सर्वांचा अर्थ ‘पैसे चुकते करणे’ असा आहे. रुमानियन भाषेत याच कुळातील ‘इंपका’ या क्रियापदाने ‘समेट घडविणे’ हा जुना अर्थ राखला आहे. फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेलेला ‘पेमेंट’ हाही ‘पगार’चाच भाऊबंद होय. मराठीने मात्र क्रियापदाचे नाम केले व त्याचा अर्थ श्रमाच्या ठरावीक मोबदल्यापुरता मर्यादित केला.

प्रादेशिक संदर्भ :
१५३४ च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई जिंकली. कल्याण पोर्तुगीज मुलखात नव्हते. १६५७ मध्ये ते शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतले होते. तरीही हा शब्द तेथे रुजला आणि पोर्तुगीज सत्ता गेल्यावरही टिकला. ‘पाद्री’ धर्माबरोबर, ‘पाव’ व ‘चावी’ वस्तूंबरोबर आले. ‘पगार’ काम करणारा व करवून घेणारा यांच्या नात्याबरोबर आला. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत रेल्वे आली. पुढे महिन्याच्या मोबदल्यावर जगणारा वर्ग येथे वाढला आणि या शब्दाचा वापर अधिक दृढ झाला. ‘पगारदार’ या शब्दात त्याला फारसी प्रत्यय जडला. ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ या म्हणीत तो इंग्रजी व संस्कृत शब्दांशेजारी सहज बसला.

निष्कर्ष :
बक्षीस व बिदागी देणाऱ्याच्या मर्जीवर असतात. पगार हे त्याच्यावरील देणे असते. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील अध्यापकांना जे मिळते त्यास ‘मानधन’ म्हणतात. या नावात मान आहे, परंतु देणेकऱ्याची बांधिलकी नाही. देणे फिटले म्हणजेच शांतता, हा ‘पगार’ या शब्दाचा मूळ आशय या भेदातून स्पष्ट होतो.